रुमाल टाकून धरलेली जागा

एसटीत जागा धरायची एक रीत आहे. गाडी स्टँडात शिरली की तिच्या बाजूनं पळायचं, उघड्या खिडकीतून रुमाल आत फेकायचा आणि मग धक्काबुक्की करणाऱ्यांना खुशाल आधी चढू द्यायचं. रुमाल ज्या सीटवर पडला ती सीट तुमची. याला कुठल्या कायद्याचा आधार नाही. पण दारव्ह्याच्या स्टँडवर यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत, आणि शेवटी रुमालवाल्यालाच जागा मिळालेली पाहिली आहे.

ही विद्या मला शिकवली खिडकीनं. खिडकी म्हणजे माझी मैत्रीण. तिचं खरं नाव लिहीत नाही, कारण तिच्या सासरी आता सगळ्यांच्या हातात फोन आहे. खिडकीपाशी जागा मिळाली नाही तर ती उभी राहायची, पण आतल्या सीटवर बसायची नाही. म्हणून कंडक्टर काकांनीच हे नाव पाडलेलं. २०१९च्या पावसाळ्यात आम्ही दोघी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला लागलो. आमच्या गावात मुक्कामी गाडी यायची. रात्री साडेआठला येऊन थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपायचे आणि सकाळी पावणेसातला गाडी निघायची. पहिल्या हॉर्नला चहा, दुसऱ्या हॉर्नला पोरं घराबाहेर. खिडकी पुढच्या फाट्यावर चढायची. त्यामुळे सकाळी मी तिच्यासाठी रुमाल टाकून ठेवायची आणि संध्याकाळी स्टँडवर ती माझ्यासाठी पळायची.

गावापासून कॉलेज एकोणीस किलोमीटर. या भागातून पूर्वी शकुंतला धावायची. कापूस वाहून न्यायला इंग्रजांच्या काळात टाकलेली नॅरोगेज, यवतमाळ ते मूर्तिजापूर. आमच्या वाट्याला तिचे गवतात बुडालेले रूळ तेवढे आले. तेव्हा गाडी म्हणजे एसटीच. एकोणीस किलोमीटरला ती तास घ्यायची, आणि आम्हाला तो तासही कमी पडायचा.

त्या तासात काय काय व्हायचं हे घरी सांगण्यासारखं नव्हतं, आणि वाईट तर काहीच नव्हतं. कोणी वही उतरवून घ्यायचं. कोणी पास दाखवताना फोटोवर बोट ठेवायचं. मागच्या सीटवर एक वर्गमित्र बसायचा. त्याच्या पासावरचा फोटो सातवीतला होता, त्यावरून आम्ही त्याला महिनोन्‌महिने छळलं. कोणाचं कोणाशी जमलंय हे बसला आधी कळायचं, त्या दोघांना नंतर. आणि कधी कधी एखादी रडायची. आमच्याकडे घरात दोन खोल्या, माणसं सहा. टपरीवर पोरी बसत नाहीत. देवळात रडलं तर बाया घरी येऊन विचारतात. रडायला बस बरी. इंजिनाच्या खडखडाटात ऐकू जात नाही, आणि तोंडाला दुपट्टा बांधलेला असतोच. (आमच्याकडच्या पोरींना मास्कची सवय लावावी लागली नाही. उन्हापायी आणि गावच्या नजरांपायी आम्ही आधीपासून डोळे तेवढे उघडे ठेवून फिरत होतो.)

गावात मी अमक्याची पोरगी होते, कॉलेजात रोल नंबर होते. मधल्या रस्त्यावर मी या दोन्हींतली नसायचे. तेव्हा हे असं कळत नव्हतं. तेव्हा एवढंच कळायचं की संध्याकाळची गाडी चुकली की बरं वाटायचं.

मार्च २०२०मध्ये सगळं किती पटकन झालं! २२ तारखेला, रविवारी, जनता कर्फ्यू. संध्याकाळी गावानं थाळ्या वाजवल्या. २४ला रात्री आठ वाजता २१ दिवसांची घोषणा. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. मुक्कामी गाडी त्याच आठवड्यात यायची बंद झाली, आणि सकाळी पावणेसातला पहिल्यांदा गावात नुसती पाखरं ऐकू आली. आजी म्हणाली, "मानमोडी आली असन." १९१८ची साथ तिनं पाहिलेली नव्हती, तिच्या सासूनं पाहिली होती. तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात त्या तापानं माणसं मेली, तशी देशाच्या फार थोड्या भागांत मेली असतील. आजीच्या सासूकडून तिच्याकडे एकच गोष्ट आली होती : तेव्हा लोक गाव सोडून वावरात राहायला गेले. "तुम्हीबी वावरात जा," ती रोज सांगायची. तिचं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही. आता वाटतं, म्हातारीचं बरोबर होतं.

कारण घरात जागाच नव्हती. त्या वर्षीचा निम्मा कापूस विकायचा राहिला होता. खरेदी बंद, जिनिंग बंद. दोन खोल्यांपैकी आतली खोली छताला टेकेपर्यंत कापसानं भरलेली. जग एकमेकांना अंतर ठेवायला सांगत होतं. दो गज की दूरी. आमच्याकडे सहा माणसं आणि पंधरा क्विंटल कापूस एका छपराखाली. कापूस घरात पडून राहिला की अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. एप्रिलमध्ये आम्ही सगळे खाजवत बसलो होतो आणि टीव्हीवर चेहऱ्याला हात लावू नका म्हणून सांगत होते.

माणसं एकमेकांपासून लांब गेली, असं त्या काळाबद्दल सगळे लिहितात. शहरात तसं झालंही असेल. माझं उलटं झालं. माझ्याकडे एकोणीस किलोमीटरचं एक अंतर होतं, तेच गेलं.

ते गेल्यावर पहिल्यांदा दिसले ते बाबा. म्हणजे आधीही दिसायचे, पण सकाळी बैल सोडताना आणि रात्री जेवताना. दिवसभराचे बाबा मी लहानपणानंतर पाहिलेच नव्हते. दुपारी ते धाब्याच्या सावलीत बसून एकाच कागदाची घडी उघडायचे, पुन्हा घालायचे. तो कर्जमुक्तीच्या यादीचा कागद होता. नाव आलं होतं, पण अंगठा लावायचं काम लॉकडाऊनमध्ये अडकलं. रात्री आई-बाबांचं बोलणं कापसाच्या ढिगामागून ऐकू यायचं. कृषी केंद्राची उधारी किती, मामाचे किती, सोसायटीचे किती. मी एकोणीस वर्षांची होईपर्यंत मला आमच्या घरचा आकडा माहीत नव्हता. महामारीनं तो मला सांगितला. जूनमध्ये सोयाबीन पेरलं, ते उगवलंच नाही. त्या साली बियाणं न उगवल्याची तक्रार गावोगावी होती. दुबार पेरणीसाठी पुन्हा उधारी. तो आकडाही मी ऐकला.

आणि बाबांना मी दिसले. दिवसभर लोळणारी, कशावरही वसकन अंगावर येणारी, रात्री दोनपर्यंत जागी आणि सकाळी न उठणारी. "पोरीले काय झालं?" ते आईला विचारायचे, मला नाही. मीही त्यांना कधी विचारलं नाही. आम्ही दोघं एकमेकांना काही होत नसल्याचं नाटक एकाच ओसरीवर बसून करत होतो, आणि दोघांनाही दुसऱ्याचं नाटक स्पष्ट दिसत होतं. पूर्वी मी संध्याकाळी घरी यायची तेव्हा त्यांना तोंड ठीक करायला दिवस मिळायचा, मला परतीचा तास मिळायचा. आता तेवढीही उसंत नव्हती. प्रेम कमी होतं असं अजिबात नाही. ते इतकं जवळ होतं की त्याच्याकडे बघता यायचं नाही.

खिडकीकडे फोन नव्हता. म्हणजे घरात होता, तिच्या दादाचा. एप्रिलमध्ये मी एकदा त्यावर मेसेज केला, "कशी आहेस?" दादानं उत्तर दिलं, "ठीक आहे. काय काम होतं?" काम काहीच नव्हतं. सात महिने रोज दोन तास बोललेल्या मुलीशी मला काहीच काम नव्हतं, हे मी तिच्या दादाला कसं सांगणार? "नोट्स पाहिजे होत्या," मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या वहीचे बारा फोटो पाठवले. एका पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं खिडकीचं छोटं चित्र काढलं होतं, तीन गजांची चौकट. ते जुनं होतं की माझ्यासाठी मुद्दाम काढलेलं, मला अजून माहीत नाही.

जूनमध्ये, मृग लागायच्या आत, तिचं लग्न झालं. तेव्हा लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती. या पन्नासाच्या आकड्यावर खरं तर कोणीतरी नीट लिहायला हवं. आमच्याकडे साधं लग्न म्हणजे पाचशे पान. त्यातला मोठा भाग उधारीचा असतो आणि तो पोरगी सासरी रुळल्यावरही फिटत असतो. सरकारनं पन्नास म्हटल्यावर कित्येक बापांनी सुटकेचा श्वास सोडला. लोक काय म्हणतील हा प्रश्नच मिटला, लोकांना यायची परवानगी नव्हती. ज्यांच्या पोरी लग्नाच्या वयाच्या होत्या त्यांनी हिशेब केला आणि एका पावसाळ्यापुरता तो फायद्याचा निघाला. खिडकीला एकोणीस पूर्ण होती, म्हणजे कायद्याचा प्रश्न नव्हता. कित्येकींच्या बाबतीत होता, आणि तिथंही लग्नं गुपचूप लागली.

पण पन्नासची यादी करायची म्हणजे माणसं वगळायची. दोन्हीकडचे पंचवीस-पंचवीस. काका, मामा, आत्याचे यजमान, पोलीस पाटील, भटजी, फोटोवाला. यादी बापे करत होते. नवरीची मैत्रीण कोणाच्याच पंचविसात बसत नव्हती. मला लग्न कळलं ते स्टेटसवरून, तेही तिच्या दादाच्या. हार घातलेली खिडकी, तिच्या तोंडावर शालूच्या रंगाचा मास्क. डोळ्यांवरून काही कळत नव्हतं. खरं तर मला तिच्या डोळ्यांवरून सगळं कळायचं, वर्षभर आम्ही दुपट्ट्याच्या वर दिसणाऱ्या तेवढ्याच भागावरून एकमेकींना ओळखत होतो. त्या फोटोत मात्र कळलं नाही.

मी चिडले. कित्येक वर्षं चिडून होते. तिच्यावर, तिच्या बापावर, त्या पन्नासावर. माझ्या डोक्यात एक गोष्ट तयार झाली होती, त्यात खिडकीला ढकलून दिलं होतं आणि मला कोणी विचारलं नव्हतं. ती गोष्ट निम्मीच खरी होती. ते पुढं.

आम्ही दुसऱ्या वर्षाला परीक्षा न देता गेलो, सरासरी काढून. गावात त्याला ढकलपास म्हणत, मग "कोरोना बॅच" म्हणायला लागले. अजूनही म्हणतात. दुसरं वर्ष फोनवर झालं. घरातला एकमेव स्मार्टफोन माझ्याकडे असायचा, पण तो घरचा फोन होता. सर चलनवाढ सांगत असताना दिग्रसच्या मावशीचा फोन यायचा, तास तुटायचा, मावशी विचारायची, "काय भाजी केली?" नंतर मजुरी वाचवायला मी निंदायला जायला लागले. तेव्हा कानात तार घालून, फोन ओढणीत खोचून तास ऐकायचे. मागणीचा नियम मी तुरीच्या तासात शिकले. शेजारच्या ओळीतल्या बाया म्हणायच्या, "काय वो, एकटीच हो-हो करून राहिली?" सर हजेरी घेत असायचे.

सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई घरोघरी यायच्या. त्यांच्यावर त्या काळात किती कामं टाकली होती त्याला गणती नाही. कपाळासमोर ती पिस्तुलासारखी वस्तू धरायची, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा वहीत लिहायचा. माझं ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. ताप नाही. "एकदम फिट हाय पोरगी," त्या म्हणाल्या आणि दारावर खडूनं खूण केली. तेव्हा मी पाच-सहा दिवस धड जेवले नव्हते. सांगावं असं काही नव्हतंच. पोटात दुखत नव्हतं, कोणी मेलं नव्हतं, प्रेमभंग वगैरे काही नाही. नुसतं सकाळी उठून कशाला तयार व्हायचं ते आठवायचं नाही.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याला मनाच्या आजाराचं नाव नवं नाही. २०१५पासून इथं 'प्रेरणा' नावाचा प्रकल्प आहे. आशाताई शेतकऱ्यांच्या घरी जाऊन विचारतात, झोप येते का, एकटं वाटतं का, कर्जाचा घोर आहे का. त्यांनी बाबांना हे प्रश्न विचारलेले मी ऐकले होते. बाबांनी सगळ्याला "बरं हाय" म्हटलं होतं. पण निदान विचारलं होतं. कास्तकाराच्या डोक्यात काय चाललंय याची सरकारला, पेपरवाल्यांना, पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांना वीस वर्षांची सवय आहे. त्याच घरात एक शिकणारं पोरगंही असतं, ते याच आकड्यांवर झोपतं, हे कोणाच्या फॉर्मात नव्हतं.

पुढं केव्हातरी मी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे पाहिले. २०१९मध्ये देशात १०,३३५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०२०मध्ये १२,५२६, आणि त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रातले. त्याच २०२०मध्ये शेतकरी आणि शेतमजूर मिळून १०,६७७. मी ते दोन आकडे तीन वेळा वर-खाली करून पाहिले. मला वाटलं, मीच रकाना चुकतेय. या सगळ्याला महामारीच कारण असं म्हणणं बेजबाबदारपणाचं होईल. विद्यार्थ्यांचा आकडा आधीही चढतच होता. पण यवतमाळात वाढलेल्या कोणालाही विचारा, जास्त कोण मरतं. तो विचार न करता कास्तकार म्हणेल. मीही तेच म्हटलं असतं.

१५ फेब्रुवारी २०२१पासून निम्म्या उपस्थितीत कॉलेजं उघडायची परवानगी राज्यानं दिली. मी आदल्या रात्री ड्रेसला इस्त्री केली. पण नेमका त्याच आठवड्यात अमरावती-यवतमाळचा आकडा उसळला, आणि अख्ख्या देशाच्या आधी दुसरी लाट आमच्याकडे येऊन उभी राहिली. पुन्हा सगळं बंद. तो इस्त्रीचा ड्रेस मी नंतर निंदायला वापरला.

मे महिन्यात आमच्या वर्गातल्या एकाची आई गेली. मागच्या सीटवरचा, सातवीतल्या फोटोवाला. गाव आमच्यापासून चार किलोमीटरवर. मधे एक नाला आणि दोन धुरे. उन्हाळ्यात नाला कोरडाच असतो, चालत गेलं तरी पाऊण तास. एरवी कोणाच्या घरी मौत झाली की अख्खं गाव जातं. भांडण असलं तरी जातं. ते काही नियमात लिहिलेलं नाही, पण जो जात नाही त्याच्याकडे पुढं कोणी जात नाही. त्या महिन्यात कोणीच कोणाकडे जात नव्हतं. वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. दोन मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली. मी वरच्या कोणाचा तरी मेसेज दाबून धरला, कॉपी केला आणि खाली चिकटवला. त्यात 'काकूंना' असं लिहिलेलं होतं. मी त्यांना कधी काकू म्हटलंच नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पाठवलेल्या करंज्या आम्ही बसमध्ये खाल्ल्या होत्या आणि डबा खिडकीनं परत करायला ठेवून घेतला होता.

तो डबा राहूनच गेला असणार.

मी गेले नाही याचं कारण कोरोना हे अर्धं उत्तर आहे. बाबांनी जाऊ दिलं नसतं हेही खरं. पण मी विचारलंच नाही. मेसेज पाठवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, ते मला आजही आठवतं. आमच्या पिढीला या साथीनं काय केलं असं कोणी विचारलं की मला अभ्यास, नोकऱ्या, वाया गेलेली वर्षं यांच्या आधी ते अंगठ्यानं दाबून धरणं आठवतं.

२० ऑक्टोबर २०२१ला कॉलेजं खऱ्या अर्थानं उघडली. मी तिसऱ्या वर्षाला होते. आणि आठ-दहा दिवसांत एसटीचा संप सुरू झाला. हसावं की रडावं? त्यांचंही खोटं नव्हतं. पगाराचे हाल आम्ही त्या मुक्कामी येणाऱ्या कंडक्टर काकांच्या तोंडून ऐकले होते, त्यांना आमच्याच घरून कधी कधी भाजी जायची. संप लांबत लांबत एप्रिल २०२२पर्यंत गेला. तोवर फाट्यापर्यंत पायी आणि पुढं काळीपिवळी. दहाच्या जीपमध्ये अठरा. पासाच्या पैशात जिथं महिना निघायचा तिथं आठवडा निघेना. आमच्या गावातून पहिल्या वर्षी सात पोरी कॉलेजला जात होत्या, त्या हिवाळ्यात मी धरून दोघी उरलो. बाकीच्यांना कोणी 'जाऊ नको' म्हटलं नाही. नुसतं सोबत कोण आहे विचारलं, आणि सोबत कोणी नव्हतं.

जीपमध्ये तो भेटला, मागच्या सीटवरचा. एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ आम्ही समोरासमोर बसलो होतो. त्यानं दाढी वाढवली होती. मी म्हणाले, "कसा आहेस?" तो म्हणाला, "बरा." मग अठरा जणांच्या मधे, ड्रायव्हरच्या गाण्याखाली, काही बोलता येईना. बस असती तर मी मागं जाऊन बसले असते, रस्ता तासाचा होता, कुठल्यातरी फाट्यावर तोंडातून निघालं असतं. जीप पंचवीस मिनिटांत पोचली. उतरताना तो म्हणाला, "घरी डबा शोधत होतो आईचा. तुमच्याकडे हाय का?" मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच कळलं नाही.

परीक्षा झाली, पास झाले, अमरावतीला एम.ए. केलं, आता तासिकेवर शिकवते. हे सगळं खरं तर मोठं आहे, पण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. बाबांचा अंगठा लागला, कर्ज फिटलं, नवं झालं. आता घरी गेले की दोन दिवस आम्ही फार छान बोलतो. तिसऱ्या दिवशी मी निघते. बाबा स्टँडपर्यंत सोडायला येतात.

गेल्या वर्षी मार्चमध्ये यवतमाळच्या स्टँडवर दारव्ह्याची गाडी लागत होती. गर्दी होती, २०२३पासून बायांना अर्धं तिकीट झाल्यावर गाड्या बायांनीच भरलेल्या असतात, आणि मला ते बघायला आवडतं. मी पळाले नाही, पंचविशीकडे झुकल्यावर पळायला लाज वाटते. पण माझ्या बाजूनं कोणीतरी धावत गेलं, कडेवर पोर, आणि एका हातानं खिडकीतून काहीतरी आत फेकलं. पोराचं टोपडं होतं ते. मी ओरडले, "खिडकी!"

आम्ही शेजारी बसलो. ती अर्थात खिडकीपाशी. पोरगं पाच मिनिटांत झोपलं. मी आधी लग्नाचंच काढलं. इतकी वर्षं घोटून ठेवलेलं वाक्य होतं माझ्याकडे.

"मले बोलावलं नाही."

"पन्नासात तू कशी बसशील वो? मी सांगतलं होतं बाबाले. थे म्हने, आत्याच्या जावयाले काढू का?"

"तू नाही कसं म्हटलं नाहीस पण? लग्नाला."

ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली. लाडखेडच्या पुढं रस्त्याच्या कडेला पळस फुललेला होता.

"मीच हो म्हटलं. कोनं जबरदस्ती नाही केली मले. तीन महिने घरात बसून बसून मले वाटे, आता आपन अशाच मरतो. लग्न म्हटलं तं निदान गाव तं बदलते. घर बदलते. सासर रोडवर हाय, समोरून गाड्या जातात, थे पाहूनच मी हो म्हटलं." मग हसली. "लग्न झालं तं गाड्याच बंद."

मी वर्षानुवर्षं जिच्यासाठी चिडले होते ती मुलगी माझ्या गोष्टीत नव्हतीच. तिनं सांगितलं, नवरा बरा आहे, सासू कटकटी आहे, दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचा राहिला तो राहिलाच, आता मुक्त विद्यापीठाचं बघतेय. मधली दोन वर्षं तिला रात्री झोप येत नव्हती. कोणाला सांगितलं नाही, सांगायला कोण होतं? मी तिला कापसाची खोली सांगितली, बाबांचा कागद सांगितला, अठ्ठ्याण्णव सांगितलं. ती म्हणाली, "माह्यंबी अठ्ठ्याण्णवच होतं." आम्ही इतक्या हसलो की पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. मग मी करंज्यांच्या डब्याचं विचारलं. तिला आठवत होता. स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेला. लग्नाच्या भांड्यांत चुकून तिच्या सासरी गेला आणि सासू त्यात मोहरी ठेवते.

"त्याले देऊन दे न," मी म्हणाले. "तो शोधून राहिला होता."

"कुठं राहते थो आता?"

ते मलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात तिचा थांबा आला. पोराला उचललं, पिशवी उचलली, कंडक्टरनं घंटी दोनदा मारली. ती खाली उतरल्यावर आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं की एवढ्या वेळात फोन नंबर घेतलाच नाही. तिच्याकडे आता स्वतःचा फोन होता, पिशवीतून काढून तिनं मला तो उंच धरून दाखवला. गाडी सुटली. ती रस्त्याच्या कडेनं चार पावलं पळाली आणि एकेक आकडा ओरडून सांगायला लागली, मी रुमालावर पेननं लिहीत होते. पोरगं जागं होऊन रडायला लागलं, ड्रायव्हरनं गिअर टाकला.

माझ्याकडे आठ आकडे आहेत.